फळांचं कॉकटेल: मद्य सगळ्यात शेवटी

प्रश्न: पुढच्या शनिवारी आमच्याकडे जेवण आहे. आम्हाला धरून आठ जण, सगळे जुने मित्र-मैत्रिणी. त्यातले दोघं मद्य घेत नाहीत आणि एक मैत्रीण दर वेळी 'मला अगदी थोडं' म्हणते. सुरुवातीला फळांचं एखादं छान कॉकटेल द्यावं असं मनात आहे. गेल्या वेळी संत्र्याचा रस आणि व्होडका एकत्र करून दिलं होतं. पहिला घोट गोडमिट्ट लागला, दहा मिनिटांत सगळं पाणचट झालं, आणि मी अर्धी संध्याकाळ ओट्यापाशी एकेक ग्लास भरत उभी होते. न घेणाऱ्या दोघांच्या हातात नुसता बाटलीतला ज्यूस होता, त्याचंही वाईट वाटलं. पेय बर्फासकट हलवायचा शेकर वगैरे माझ्याकडे नाही. कोणतं फळ घ्यावं, कोणतं मद्य, किती, आणि हे आधी करून ठेवता येतं का?

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्याच्यावरच अवलंबून आहेत. हो, आधी करून ठेवता येतं, आणि आठ जणांसाठी ते ठेवायलाच हवं. फक्त आधी काय आणि शेवटी काय, हा क्रम नीट लावायचा. फळाचा रस, लिंबू आणि साखरेचं पाणी यांचं मिश्रण दुपारीच तयार करून फ्रीजमध्ये ठेवा. त्यात मद्याचा थेंबही घालू नका. मद्य घालायचं ते ज्याच्या त्याच्या ग्लासात, मोजून, अगदी देताना.

एवढं केलंत की तुमच्या बऱ्याचशा अडचणी सुटतात. न घेणाऱ्या दोघांना तेच पेय मिळतं जे बाकीच्यांना मिळतंय, त्याच ग्लासात. 'अगदी थोडं' म्हणणाऱ्या मैत्रिणीला खरंच थोडं देता येतं. कोणाच्या पोटात किती जातंय याचा हिशेब तुमच्या हातात राहतो. आणि ग्लास भरायला अर्धा मिनिट लागतो, त्यामुळे तुम्ही बसता माणसांत. पाहुणे तुमच्याकडे तुमच्याशी गप्पा मारायला येतात, म्हणून या शेवटच्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त मोल देते.

आता मागच्या वेळचं पेय का बिघडलं ते पाहू. तुमच्या हातून काही मोठं चुकलं होतं असं नाही. संत्र्याच्या रसाला वाटतो तेवढा आंबटपणा नसतो. लिंबाच्या रसात साधारण 6 टक्के आम्ल असतं, संत्र्याच्या रसात जेमतेम 1 टक्का. त्यामुळे संत्र्याचा रस एकट्याने मद्याला तोलून धरू शकत नाही. गोडवा तेवढा वर येतो, मद्य मागून जळजळतं, आणि मधे काहीच नसतं. अननस, आंबा, कलिंगड, स्ट्रॉबेरी, कुठलंही गोड फळ घ्या, त्याला लिंबाची साथ लागतेच. फळ चव आणि वास देतं, लिंबू धार देतं, साखर दोघांना जोडते. फळांच्या कॉकटेलांमागचा हिशेब बहुतेक वेळा एवढाच असतो. क्यूबातली डायकिरी म्हणजे पांढरी रम, लिंबू आणि साखर, बस्स. त्याच तिकडीत फळाचा रस आला की आपलं काम झालं.

फळ म्हणाल तर मी अननस सुचवेन. त्याचा वास मद्यातूनही वर येतो, रस भरपूर निघतो, आणि ताज्या रसाला छान फेस धरतो, त्यामुळे शेकर नसतानाही ग्लास भरलेला आणि जिवंत दिसतो. त्याच्या जोडीला पांढरी रम. रम उसापासून होते, अननसाशी तिचं पहिल्यापासून जमतं. व्होडकाही चालेल, पण व्होडकाला स्वतःची चव जवळजवळ नसते. ती पेय कडक करते, चवीत भर घालत नाही. जिनमध्ये जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा आणि इतर वनस्पतींचा वास असतो, तो काहींना अननसाबरोबर आवडतो, काहींना अजिबात नाही. आठ वेगवेगळ्या जिभांसाठी रम सुरक्षित. महागडी, मुरवलेली रम यासाठी मुळीच आणू नका, फळाखाली ती हरवून जाते.

आणि कृपा करून एकच कॉकटेल करा. दोन-तीन प्रकार ठेवायचा मोह होतो, पण मग लिंबं दुप्पट, भांडी दुप्पट, आणि तुम्ही परत ओट्यापाशी.

प्रमाण मी बारा ग्लासांचं देते: आठ पहिल्या फेरीचे, चार दुसऱ्या फेरीसाठी. अननसाचा गाळलेला रस 720 मिली, लिंबाचा गाळलेला रस 240 मिली, साखरेचं पाणी 180 मिली, पाव चमचा मीठ. हे झालं मिश्रण. प्रत्येक ग्लासाला यातलं 95 मिली लागेल. त्यात 45 मिली रम आणि वरून 45 मिलीच्या आसपास थंड सोडा. मोजायला पेगचं माप नसेल तर स्वयंपाकघरातला 15 मिलीचा मोठा चमचा घ्या: तीन चमचे म्हणजे 45 मिली. अंदाजाने ओतू नका. पहिला ग्लास अंदाजाने चांगला जमतो आणि चौथ्यापर्यंत हात सैल होत जातो.

अननस किती आणि लिंबं किती, असं विचाराल. मध्यम आकाराचे दोन अननस बहुधा पुरतील, पण फळं मोजण्यापेक्षा रस मोजा. एक लिंबू दुसऱ्यापेक्षा दुप्पट रस देतं, तेव्हा लिंबं चार-पाच जास्तच आणून ठेवा. अननसाचे तुकडे मिक्सरमधून काढा आणि बारीक गाळणीतून चमच्याने दाबत गाळा. चोथा ग्लासात गेला तर पेय जड होतं आणि तळाशी गाळ बसतो. गाळून झालं की रस दहा मिनिटं तसाच राहू द्या, फेस वर येतो. मोजताना फेस मोजू नका, खालचा रस मोजा, नाहीतर तुमचे 720 मिली खरं तर 600 निघतील आणि सगळं आंबट होईल. ताजा अननस मिळाला नाही, तर साखर न घातलेला डब्यातला रस चालतो, अननस ते सहन करतो. लिंबाचा बाटलीतला रस मात्र आणू नका. तिथे काटकसर केलीत तर बाकी सगळी मेहनत वाया जाते.

आता साखरेचं पाणी. पाक म्हटल्यावर अनेकांचा हात एकतारीकडे जातो, तसला इथे नको. बर्फात तो घट्ट होऊन तळाशी बसेल. नुसती साखर विरघळलेलं पाणी हवं, वजनाने निम्मी साखर निम्मं पाणी. ते साधंसुधंही चालेल. पण तुमच्याकडे दोन तास असतील तर एक गोष्ट करून पाहाच, कारण या पेयात घरगुती आणि खास यांच्यातला फरक इथे पडतो.

दोन संत्री घ्या, कोमट पाण्याने चोळून धुवा, कारण सालीवर पुष्कळदा चकाकीसाठी मेण लावलेलं असतं. बटाट्याच्या सोलाण्याने सालीचा फक्त वरचा नारिंगी भाग पातळ पट्ट्यांत काढा. खालचा पांढरा भाग कडू असतो, तो जितका टाळता येईल तितका टाळा. या पट्ट्या एका वाडग्यात घाला, त्यावर 150 ग्रॅम साखर टाका आणि बोटांनी किंवा लाटण्याच्या टोकाने दोन मिनिटं चुरा. लगेच वास सुटतो. संत्र्याच्या रसाचा वास असा नसतो. हा सालीतल्या तेलाचा वास, जास्त उग्र, जास्त उंच. वाडगं झाकून ठेवा. तासाभराने पाहाल तर कोरडी साखर ओल्या वाळूसारखी झालेली असेल, आणि दोन तासांनी कडेला पिवळसर, चकचकीत थेंब सुटलेले दिसतील. साखर सालीतलं तेल आणि ओलावा बाहेर खेचून घेते. मग त्यात 150 मिली गरम पाणी ओता, साखर विरघळेपर्यंत ढवळा, गाळा, गार करा. साधारण 240 मिली होईल. 180 मिली मिश्रणात जाईल, उरलेलं चव सारखी करायला हाताशी राहील. सतराव्या शतकापासून इंग्लंडात मोठ्या भांड्यातून जे पंच दिलं जायचं, त्यातही लिंबाची साल साखरेत अशीच चुरायची रीत होती. सोललेल्या संत्र्यांचा रस फेकू नका. तो प्या, किंवा न घेणाऱ्यांच्या ग्लासांसाठी ठेवा, त्याकडे मी येतेच.

सगळं एकत्र केलंत की चव घ्यायची, पण कशी घ्यायची हे महत्त्वाचं. कोमट मिश्रण चाखून निर्णय घेऊ नका. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. म्हणून ओट्यावर चाखलं तर गोड वाटतं, माणूस घाबरून लिंबू वाढवतो, आणि बर्फात गेल्यावर तेच पेय दात आंबवतं. एका छोट्या ग्लासात बर्फ घ्या, दोन चमचे मिश्रण, एक चमचा रम, एक चमचा सोडा, ढवळून अर्धा मिनिट थांबा आणि मग चाखा. चपटं लागलं तर सगळ्या भांड्यात चमचाभर लिंबू. टोचलं तर चमचाभर साखरेचं पाणी. दोन्ही ठीक असूनही काहीतरी कमी वाटत असेल तर चिमूटभर मीठ. मीठ कडवटपणा दाबतं आणि फळाची चव पुढे आणतं, पण खारट लागण्याच्या खूप आधी हात थांबवा. अननस प्रत्येक वेळी वेगळा निघतो, कधी मधासारखा, कधी नुसता आंबट. त्यामुळे वर दिलेलं प्रमाण ही सुरुवात समजा, शेवटचा शब्द तुमच्या जिभेचा.

पाणचटपणाबद्दल. लोकांना वाटतं बर्फ जास्त झाला म्हणून पेय पाणचट होतं. बहुतेक वेळा बर्फ कमी पडलेला असतो. ग्लासात दोनच तुकडे असले की त्यांना कोमट पेय एकट्याने थंड करावं लागतं, ते भराभर वितळतात आणि दहा मिनिटांत संपतात. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला, आणि मिश्रण, रम, सोडा हे तिन्ही आधीच थंडगार असले, तर बर्फाला करायला फारसं काम उरत नाही आणि तो टिकतो. मोठा तुकडा लहानांपेक्षा हळू वितळतो, कारण त्याचा हवेला आणि पेयाला लागणारा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने कमी असतो. मोठ्या खाचांचे ट्रे असतील तर तेच वापरा.

आणखी एक, बर्फ आधीच काढून भांड्यात ठेवू नका. बाहेर राहून त्याच्यावर पाणी सुटतं आणि तेच पाणी पहिल्या घोटात जातं. दोन दिवस आधीपासून बर्फ साठवायला लागा, झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण उघड्या बर्फाला फ्रीजरमधले वास लागतात. माणशी अर्धा किलो धरा. ऐकायला जास्त वाटेल, पण बर्फ संपल्यावर करण्यासारखं काही उरत नाही.

थोडं पाणी पेयात मिसळायला मात्र हवंच असतं. शेकरमध्ये हलवतात तेव्हा बर्फ वितळून पेयात चांगलं पाव भागाएवढं पाणी जातं, त्याने मद्याची जळजळ कमी होते आणि चवी उलगडतात. आपल्याकडे शेकर नाही, म्हणून ते काम सोडा करतो. सोडा नको असेल तर प्रत्येक ग्लासात 30 मिली थंडगार साधं पाणी घाला. सोडा मिश्रणाच्या जगमध्ये आधी कधीच ओतू नका, तासाभरात त्याचा जीव जातो. आणि कोणी कुठून शेकर घेऊन आलंच तर त्यात सोडा घालून हलवू देऊ नका, झाकण उडतं.

वेळापत्रक फार नाही. साखरेचं पाणी आदल्या रात्री. अननसाचा रस शनिवारी सकाळी. लिंबं दुपारी उशिरा पिळा, कारण लिंबाच्या रसाचा ताजा वास काही तासांत बदलायला लागतो. पाहुणे येण्याआधी निदान दोन तास मिश्रण फ्रीजमध्ये असावं. रमची बाटली सरळ फ्रीजरमध्ये ठेवा; 40 टक्के मद्य असलेली बाटली घरच्या फ्रीजरमध्ये गोठत नाही, किंचित दाट आणि गार होते. सोड्याच्या बाटल्या फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे, नाहीतर फुटतील. ग्लासांना जागा असेल तर तेही गार करून घ्या.

देताना आधी ग्लास बर्फाने भरा, मग रम, मग मिश्रण जग नीट ढवळून (गर खाली बसतो), शेवटी सोडा. लांब चमच्याने तळापासून एकदाच वर उचलल्यासारखं ढवळा. पुन्हा पुन्हा ढवळलं की सोड्याचे बुडबुडे निघून जातात. सजावट म्हणून अननसाची एक पातळ फोड किंवा पुदिन्याचा शेंडा. पुदिना चुरगळू नका, तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक थाप मारा. वास सुटतो आणि पानं काळी पडत नाहीत. याहून जास्त काही लावू नका. घोट घेताना नाकाला टोचणारी फळांची आरास कोणाला नको असते.

जे दोघं घेत नाहीत त्यांच्याबद्दल तुम्हाला वाईट वाटलं, हे मला तुमच्या पत्रात सगळ्यात आवडलं. त्यांच्या ग्लासात नुसतं रम वगळून चालत नाही, कारण मद्य काढलं की तेच मिश्रण जास्त गोड आणि सपाट लागतं. मद्य तोंडात एक कडवट, ऊबदार पकड देत असतं, ती जागा कशाने तरी भरायला हवी. त्यासाठी मी गार, कडक, बिनदुधाचा काळा चहा वापरते. चहातल्या टॅनिनमुळे, म्हणजे त्यातल्या तुरट द्रव्यामुळे, जिभेला तशीच पकड येते. 95 मिली मिश्रण, रमच्या जागी 45 मिली गार चहा, चमचाभर जास्तीचा लिंबाचा रस, आणि सोडा थोडा अधिक. संत्र्याचा उरलेला रस इथेच एखादा चमचा घाला. तोच ग्लास, तीच सजावट. चहा आधी करून ठेवा, पण तो फार वेळ उकळू नका, कडवट होतो. कॉकटेलमध्ये घालतात ते कडू अर्क, अंगोस्टुरा वगैरे बिटर्स, या ग्लासांत घालू नका. थेंबांनी घालायचे असले तरी अंगोस्टुरात 44 टक्क्यांच्या वर मद्य असतं, आणि न घेणाऱ्या माणसाला ते न सांगता देणं बरोबर नाही. त्या दोघांना 'का नाही घेत' असं कोणी विचारायला लागलं तर विषय बदलायचं काम यजमानाचं. कारण औषध असेल, गर्भारपण असेल, श्रद्धा असेल, किंवा नुसती इच्छा नसेल. सांगायचं असेल तर ते सांगतील.

'अगदी थोडं' म्हणणाऱ्या मैत्रिणीला 15 मिली रम, बाकी सगळं तसंच. तिला माप दाखवून ओता. ती निश्चिंत होईल.

इथे थोडा हिशेब सांगते, कारण फळांच्या कॉकटेलचा खरा धोका त्याच्या चवीत असतो. रस मद्याला झाकतो, तहानेच्या भरात माणूस सरबतासारखं पिऊन टाकतो. 45 मिली रममध्ये, ती 40 टक्क्यांची असेल तर, 18 मिली शुद्ध मद्य असतं, म्हणजे सुमारे 14 ग्रॅम. एवढं मद्य शरीरातून जायला बऱ्याच लोकांना दीड ते दोन तास लागतात. कॉफीने, गार पाण्याने तोंड धुण्याने तो वेळ कमी होत नाही, माणूस फक्त जागा राहतो. म्हणून पहिला ग्लास 45 मिलीचा, दुसरा कोणी मागितला तर 30 मिलीचा, आणि मग पाण्याचा मोठा जग टेबलावर. पाच जण नेहमीचे घेणारे आणि एक मैत्रीण धरली तर दोन फेऱ्यांना 400 मिली रम लागेल, 750 मिलीची एक बाटली पुरून उरते. बाटली टेबलावर मांडू नका, ओतणारा हात एकच असू दे. घरी कोण गाडी चालवत जाणार हे पहिला ग्लास भरण्याआधी विचारून घ्या. रात्री अकरा वाजता ते ठरवायला गेलं की वाद होतात, आणि तोवर नीट उत्तर देणारा कोणी उरलेला नसतो. त्या माणसासाठी चहाचा ग्लास तयारच आहे.

कॉकटेल जेवणाआधी द्या, जेवणाबरोबर नको. आंबट आणि बुडबुड्यांचं पेय भूक जागी करतं, तेच पेय जेवणाच्या मधे आलं की त्याची गोडी प्रत्येक पदार्थावर चढते. मात्र रिकाम्या पोटी कोणालाच देऊ नका. पोटात काही असलं की मद्य रक्तात हळू मिसळतं. काहीतरी खारट, कुरकुरीत आणि थोडं तेलकट समोर असावं. गोड काही ठेवू नका, त्याने पेय आंबट लागायला लागतं.

अननस मिळाला नाही किंवा आवडत नसेल, तर स्ट्रॉबेरी घ्या. ती मिक्सरला लावण्याआधी कापून, साखरेत घोळवून तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवा: 500 ग्रॅम फळाला 100 ग्रॅम साखर. फळाचा लालभडक रस आपोआप सुटतो, आणि मग ती वाटून गाळली की बिया मागे राहतात. रस कमी पडला तर थंड पाण्याने भर घाला. अशा वेळी साखरेचं पाणी निम्म्यावर आणा, कारण गोडी आधीच आत गेलेली असते. कलिंगड दिसायला सुंदर, पण त्यात आंबटपणा जवळजवळ नाही आणि पाणीच पाणी. लिंबू वाढवा, सोडा अगदी नावाला. आंब्याचा गर दाट असतो, तो निम्मं पाणी घालून पातळ करून मगच मोजा, नाहीतर ग्लासात चमचा उभा राहील. केळं आणि सफरचंद टाळा, दोन्ही काळी पडतात. दूध किंवा साय कुठल्याही लिंबाच्या पेयात घालू नका, फाटते. आणि ग्रेपफ्रूट वापरणार असाल तर पाहुण्यांना आधी सांगा. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसह कित्येक औषधांचं रक्तातलं प्रमाण त्याच्या रसाने वाढतं, आणि हे ज्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं असतं ते नाव ऐकल्यावर स्वतःच थांबतात.

एवढंही करायला वेळ नसला, तर बेलिनी करा. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये जुझेप्पे चिप्रियानी यांनी हे पेय बसवलं: पीचचा गाळलेला गर एक भाग, थंड प्रोसेको (इटलीची फेसाळ वाइन) दोन भाग, बर्फ नाही, शेकर नाही. उंच ग्लासात आधी गर, मग प्रोसेको अगदी हळू, कडेने, कारण फेस झपाट्याने वर येतो. पीच नसेल तर कोणताही मऊ, गुळगुळीत गर चालतो, फक्त मग त्याला बेलिनी म्हणायचं नाही. न घेणाऱ्यांसाठी तोच गर, थंड सोडा आणि लिंबाचे थेंब.

मिश्रण उरलं तर, मद्य न घातल्यामुळे, दुसऱ्या दिवशी सकाळी ते सोड्याबरोबर सरबत म्हणून संपवता येतं. त्यापुढे ठेवायचं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा. पुढच्या खेपेला हेच तुकडे साध्या बर्फाबरोबर ग्लासात टाका, वितळतील तशी चव वाढत जाईल. रात्री एखादा ग्लास अर्धा उरला तर मात्र तो जगमध्ये परत ओतू नका, सरळ सिंकमध्ये.